क्राफ्ट पंचाची धार आणि कोकणातली खारी हवा

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातल्यानंतर गणपतीच्या सजावटीत कागदी मखरांना नव्याने मागणी आली, आणि त्यासोबत फुले, पाने, चकत्या व जाळीच्या पट्ट्या कापणारे क्राफ्ट पंचही घरोघरी दिसू लागले. कोकणात या पंचांची अडचण अशी की वर्षातला बराच काळ ते फडताळात पडून असतात आणि नेमके श्रावणात, म्हणजे हवा सर्वांत दमट असताना, बाहेर निघतात. कागद फाटू लागला आणि कडेला तंतू लोंबू लागले की पंच बोथट झाला असे ठरवून नवा मागवला जातो. माझ्या मते अशा पंचांपैकी बरेचसे बोथट झालेलेच नसतात. त्यांच्यात गोंद साचलेला असतो, गंज चढलेला असतो किंवा त्यांना ओल धरलेला कागद दिलेला असतो. म्हणून धार लावण्याचा उपाय सर्वांत शेवटी योजावा, आणि तोही हात राखून.

पंचात सुरीसारखे पाते नसते. नक्षीच्या आकाराचे भोक असलेली एक पोलादी पट्टी, जिला डाय म्हणतात, आणि त्या भोकात नेमका बसणारा ठसा, असे दोन भाग त्यात असतात. खटका दाबला की ठशाची कड डायच्या कडेला लगटून जाते आणि कात्रीच्या दोन पात्यांत सापडावा तसा कागद त्या दोन कडांमध्ये कापला जातो. साहजिकच कापणी दोन गोष्टींवर अवलंबून असते: दोन्ही कडांचा काटकोन शाबूत असणे, आणि ठसा व डाय यांच्यातली फट जवळजवळ नसल्यासारखी असणे. कड झिजून गोलसर झाली तर ती पुन्हा काटकोनात आणता येते. फट वाढली तर मात्र कागद कापला न जाता आत ओढला जातो आणि घरी त्यावर काही इलाज राहत नाही. ठशाच्या उभ्या बाजूंवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नये, तो याच कारणाने.

प्रथम चाचणी घ्यावी, आणि ती कोरड्या कागदावर घ्यावी. कागद हवेतले पाणी शोषून घेतो, आणि पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला कागद इतका मऊ पडतो की चांगल्या पंचातही त्याची कड स्वच्छ निघत नाही. छपाईचा साधा ८० ग्रॅम वजनाचा कागद सुती कापडाखाली ठेवून त्यावर मंद गरम इस्त्री फिरवावी, तो निवल्यावर लगेच छिद्र पाडून पाहावे, आणि निघालेला तुकडा उजेडासमोर धरावा. सगळीकडून स्वच्छ कापला असेल तर दोष कागदाच्या ओलीचा होता. एकाच ठिकाणी तंतू राहत असतील तर तिथे गोंदाचा कण बसला असावा किंवा कडेला टवका उडाला असावा. एका संपूर्ण बाजूने फाटत असेल तर ठसा कलता उतरतो आहे, आणि ते बहुधा स्प्रिंगचे किंवा सैल झालेल्या स्क्रूचे काम असते. सभोवार सारखेच तंतू दिसले, तरच कड बोथट झाल्याचा संशय घ्यावा.

सफाईसाठी आधी कोरड्या, कडक केसांच्या ब्रशने कागदाचा भुगा झाडून काढावा. तोंडाने फुंकर मारण्याचा मोह टाळावा, कारण श्वासातली वाफ थेट पोलादावर बसते. स्टिकर, दुहेरी टेप आणि चकाकी लावलेला कागद कापल्यामुळे कडांवर चिकट थर जमतो. तो काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम, आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे ते असते. कापसाची काडी त्यात बुडवून कड पुसावी, दोन-चार मिनिटांनी लाकडी टूथपिकने सैल झालेला गोंद खरवडावा आणि पुन्हा पुसून घ्यावे. घरात पडून असलेले सॅनिटायझर यासाठी वापरू नये, कारण त्यात अल्कोहोलसोबत पाणी असते आणि अनेकदा ग्लिसरीनही. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात अ‍ॅसिटोन असेल तर पंचाचे प्लास्टिकचे कवच विरघळून पांढुरके व चिकट होते. चकाकीचा कागद मुळातच कडांना घासून झिजवतो, त्यामुळे तो कापायचाच असेल तर त्यासाठी एक जुना पंच वेगळा ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गंज असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून पंच रात्रभर ठेवावा आणि सकाळी सुती चिंधीने पुसावा. वरवरचा तांबूस गंज एवढ्याने बराचसा निघतो. तांब्यापितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण तोच प्रयोग इथे करू नये. आम्ल गंजासोबत खालचे पोलादही खाते, कडेवर बारीक खड्डे पडतात, आणि आम्लाचा अंश मागे राहिला तर काही तासांतच नवा गंज येतो.

एवढे करूनही सभोवार तंतू राहत असतील, तर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलकडे वळावे. स्वयंपाकघरातले फॉइल चार ते आठ पदरी दुमडून त्यात दहा-पंधरा छिद्रे पाडावीत. हा उपाय सर्वत्र सांगितला जातो, मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये: अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी मऊ असल्यामुळे ते पोलाद घासून काढू शकत नाही. कडेवर वळलेला अगदी बारीक धातूचा पापुद्रा सरळ करणे आणि चिकटलेला मळ ओढून काढणे एवढे काम ते करते, आणि पुष्कळ वेळा तेवढे पुरते. पॉलिश पेपरवरचे कण मात्र पोलादापेक्षा कठीण असतात आणि ते खरोखर झीज करतात. त्यामुळे ६०० क्रमांकाचा किंवा त्याहून बारीक पेपर घ्यावा, खरखरीत बाजू आधी ठशाकडे आणि मग उलटून डायकडे करून प्रत्येकी चार-पाचच छिद्रे पाडावीत, ब्रशने सगळे कण झाडावेत, आणि पुन्हा एकदा फॉइल कापावे. कण आत राहिले तर ते प्रत्येक दाबासोबत उभ्या बाजू घासत राहतात. जाळीच्या नाजूक नक्षीचे पंच आणि काठाची वेलबुट्टी कापणारे पंच यांत ठशाच्या सुया फार बारीक असतात. त्यांना पॉलिश पेपर देऊच नये, फॉइलवर भागवावे.

ज्यांचा तळ स्क्रूने बसवलेला असतो, अशा मोठ्या, खटक्याच्या पंचांना याहून चांगला उपाय करता येतो. पंच उघडताना स्प्रिंग उसळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. जाड, सपाट काचेवर १००० क्रमांकाचा वॉटर पेपर पसरून त्यावर पाण्याऐवजी पातळ तेलाचे काही थेंब टाकावेत. डायच्या कापणाऱ्या सपाट पृष्ठभागावर मार्करने रंग लावावा, आणि ती बाजू पेपरवर पालथी धरून, बोटांनी सर्वत्र सारखा दाब देत हलक्या हाताने फिरवावी. कडेलगतचा रंग सगळीकडे सारखा गेला की थांबावे. नंतर २००० क्रमांकाच्या पेपरवर थोडे फिरवून पुसून घ्यावे. कारखान्यांतही पत्रा कापणाऱ्या पंच-डायला याच पद्धतीने, सपाट तोंड घासून, धार आणतात. ठशाचे तोंड सपाट असेल तर त्यालाही हेच करता येते, पण अनेक ठशांची तोंडे मुद्दाम खोलगट किंवा पायरीसारखी केलेली असतात, म्हणजे सगळा कागद एकदम न कापता क्रमाने कापला जातो. अशा ठशाला हात लावू नये. रिव्हेटने कायमचे बंद केलेले पंच उघडण्याच्या फंदातही पडू नये.

ठसा आत अडकला तर पंच पंधरा-वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा असे सांगणारे बरेच भेटतात. कोरड्या हवेत ते चालत असेल. मालवण किंवा हर्णैच्या हवेत थंडगार पोलाद बाहेर काढताच त्यावर पाण्याचे थेंब जमतात, आणि ज्या फटीत आपण कापड घालू शकत नाही तिथेच ते साचतात. त्याऐवजी खालच्या बाजूने आइस्क्रीमच्या लाकडी काडीने ठसा सरळ वर ढकलावा. स्क्रूड्रायव्हर लावल्यास कडेचा टवका उडण्याची शक्यता मोठी असते.

खरी राखण साठवणीत आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासोबत मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः त्यात विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्त असते, म्हणजे धूळ बसलेल्या पोलादावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर कायमच असतो. म्हणून पंच ठेवण्यापूर्वी अल्कोहोलने पुसावेत, कडांवर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. खोबरेल तेल हाताशी असते, पण ते थंडीत थिजते, धूळ धरून ठेवते आणि कागदावर डाग पाडते. पंच वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण तो कागदच ओल धरतो. चिऱ्याच्या भिंतीतले फडताळही पावसात आतून ओलावते, तेव्हा डबा भिंतीपासून दूर ठेवावा. निळे सिलिका जेल गुलाबी पडले की ते ओलीने भरले असे समजावे. त्याच्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, त्यामुळे ते सुकवण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. ज्या पंचांना खटका दाबून बंद करण्याची कडी असते, ते कडी सोडून ठेवावेत, नाहीतर स्प्रिंगवर महिनोन्महिने ताण राहतो.

तेल देण्याचे काम मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, एकदा करावे आणि दिवाळीच्या कंदिलांचे कापकाम आटोपल्यावर पुन्हा एकदा. वापरायला काढल्यावर आधी टिश्यू पेपरमध्ये काही छिद्रे पाडून तेल टिपून घ्यावे, मग बटर पेपरमध्ये पाच-सहा पाडावीत, म्हणजे ठसा सुळसुळीत चालतो, आणि त्यानंतर रद्दी कागदावर डाग उमटत नाही याची खात्री करूनच रंगीत कागद पंचात घालावा.