टायटॅनियम डायऑक्साइडवर कॅडमियम सल्फाइड: जैवसंवेदकासाठी न झिजणारा इलेक्ट्रोड

प्रकाशावर चालणाऱ्या विद्युतरासायनिक जैवसंवेदकात इलेक्ट्रोडवर बसवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) हवं ते प्रथिन पकडतात आणि प्रकाशाने निर्माण झालेला विद्युतप्रवाह, म्हणजे प्रकाशप्रवाह, घटतो. बहुतेकांची नजर या प्रवाहाच्या आकड्यावर असते. पण तो प्रवाह मिनिटागणिक घसरत असेल, तर प्रथिन चिकटल्याने झालेली घट कुठली आणि इलेक्ट्रोड झिजल्याने झालेली कुठली, हे कळतच नाही. म्हणून आधी स्थिरता साधा, आकडा नंतर.

ॲनाटेज या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचं पट्टाअंतर (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट; त्याला अतिनील किरण लागतात आणि त्यांनी प्रतिपिंडं बिघडतात. वर कॅडमियम सल्फाइड (पट्टाअंतर २.४) बसवलं की ४७० नॅनोमीटरचा निळा एलईडी पुरतो.

एफटीओ काच (फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली) साबणपाणी, ॲसिटोन आणि इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये प्रत्येकी १० मिनिटं धुवा. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन ४५० अंशांवर ३० मिनिटं भाजा. भट्टीतच थंड होऊ द्या, घाईने काढल्यास थराला तडे जातात.

आता कॅडमियम सल्फाइडच्या थरासाठी ०.१ मोलरची दोन द्रावणं करा: ५० मिलि इथेनॉलमध्ये कॅडमियम नायट्रेट टेट्राहायड्रेट १.५४ ग्रॅम, आणि ५० मिलि पाणी-मिथेनॉल समभाग मिश्रणात सोडियम सल्फाइड नोनाहायड्रेट १.२० ग्रॅम. पहिल्यात १ मिनिट बुडवा, धुवा, दुसऱ्यात १ मिनिट बुडवा, पुन्हा धुवा. हे एक आवर्तन. धुण्यात कधीही कसूर नको. पृष्ठभागावर जादा आयन राहिले की सल्फाइड थरात न बसता भुकटी होऊन सुटतं. ३, ५, ७ आणि ९ आवर्तनांचे इलेक्ट्रोड करून ताडून पाहा. जास्त आवर्तनांनी छिद्रं बुजतात आणि प्रवाह उलट कमी होतो. हातमोजे आणि धूरकक्ष हवेतच: कॅडमियम विषारी आहे, आणि सल्फाइडमध्ये आम्ल पडलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका.

झीज होते ती होलमुळे, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणाऱ्या धनभारित जागांमुळे. ते सल्फाइडलाच ऑक्सिडाइझ करतात. दोन उपाय एकत्र करा. शेवटी झिंक ॲसिटेट आणि सोडियम सल्फाइडची फक्त २ आवर्तनं द्या, म्हणजे वर झिंक सल्फाइडचा पातळ संरक्षक थर बसतो. झिंक सल्फाइड जाड झालं तर होल बाहेरच पडत नाहीत. आणि होल टिपून घ्यायला मोजमापाच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ०.१ मोलर ॲस्कॉर्बिक आम्ल घाला, म्हणजे १०० मिलिला १.७६ ग्रॅम. त्याने पीएच खाली येतो. सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणा, नाहीतर प्रतिपिंडांवर परिणाम होतो. हे द्रावण हवेत खराब होतं, रोज ताजं करा.

प्रतिपिंड बसवण्याआधी १० सेकंद प्रकाश, १० सेकंद अंधार अशी निदान २० चक्रं चालवा. प्रकाश लागताच टोकदार उसळी येऊन प्रवाह खाली बसत असेल, तर पृष्ठभागावर पुनर्संयोग होतोय, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र येताहेत. सगळी चक्रं हळूहळू उतरत असतील, तर झीज चालू आहे; तो इलेक्ट्रोड वापरू नका.