डाउनहिल शर्यतीसाठी टायर कसे निवडावेत

सायकलच्या दुकानात टायर हातात घेतला की बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते, कारण बटणांची, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांची, उंची आणि मांडणी डोळ्यांना दिसते, आतले कापड दिसत नाही. डाउनहिल शर्यतीसाठी, म्हणजे डोंगरउतारावरून सायकलने कमीत कमी वेळात खाली उतरण्याच्या स्पर्धेसाठी, मात्र निवडीचा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे: आधी केसिंग म्हणजे आतले कापड, मग रबर, त्यानंतर नक्षी आणि सर्वांत शेवटी हवा. नक्षी चुकली तर काही सेकंद जातात, पण केसिंग चुकले तर शर्यतच जाते. 2014 साली ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक फेरीत अमेरिकेच्या अॅरन ग्विनचा टायर वाटेतच निकामी झाला आणि त्याने उरलेला उतार जवळजवळ नुसत्या रिमवर पार केला. ती उतरण लोक आजही कौतुकाने पाहतात, निकालात मात्र त्या कौतुकाचा उपयोग झाला नाही.

केसिंग म्हणजे टायरचा कापडी सांगाडा. साध्या ट्रेल टायरच्या, म्हणजे डोंगरवाटांवर एरवी फिरायच्या टायरच्या, बाजूच्या भिंतीत कापडाचा एकच थर आणि वर एखादे पातळ संरक्षक आवरण असते, तर डाउनहिलच्या केसिंगमध्ये दोन थर असतात आणि रिमलगतच्या भागात रबराची जास्तीची पट्टी घातलेली असते. त्यामुळे 29 इंची, 2.5 इंच रुंदीचा जो टायर ट्रेलच्या रूपात साधारण 1000 ग्रॅम भरतो, तोच डाउनहिलच्या रूपात 1300 ग्रॅमच्या घरात जातो. इंचाला जितके धागे जास्त तितका टायर चांगला, हा समज बहुधा चादरींच्या दुकानातून आलेला असावा. दगडांवर आपटणाऱ्या टायरला इंचाला 60 जाड धाग्यांचे दुहेरी कापडच अधिक मानवते. या जाड भिंतीचा फायदा केवळ पंक्चर टाळण्यापुरता नाही. वळणाच्या बांधावर सायकल जोरात कलंडते तेव्हा पातळ भिंतीचा टायर रिमखाली दुमडतो आणि तो दुमडू नये म्हणून हवा वाढवावी लागते. जाड भिंतीचा टायर कमी हवेतही ताठ उभा राहतो, आणि कमी हवा म्हणजे जमिनीवर जास्त पकड. छोट्या, मातीच्या, फारसे दगड नसलेल्या मार्गावर हलक्या वजनाच्या स्पर्धकाने पुढच्या चाकाला मधल्या वजनाचे केसिंग लावले तर ते समजण्यासारखे आहे, परंतु मागच्या चाकाबाबत ही तडजोड करू नये, कारण दगडाच्या धारेवर सर्वांत जोराने तेच आदळते.

रबराच्या मऊपणाचे माप शोअर ए या श्रेणीत सांगतात: आकडा जितका लहान तितके रबर मऊ. शर्यतीचे रबर बेचाळिशीच्या आसपास असते, टिकाऊ रबर पन्नास ते साठच्या दरम्यान. दुकानात आकडा लिहिलेला नसेल तर कडेच्या बटणात नख रोवून पाहावे. टिकाऊ रबरातला खड्डा लगेच भरून येतो, मऊ रबरातला सावकाश वर येतो, आणि हा सावकाशपणाच ओल्या दगडावर कामाला येतो, कारण असे रबर आदळून उसळत नाही, दगडाला चिकटून राहते. श्वाल्बेसारख्या कंपनीने हे रंगांच्या पट्ट्यांनी सोपे केले आहे: जांभळी पट्टी सर्वांत मऊ रबराची, केशरी त्याखालोखाल. पुढे सर्वांत मऊ आणि मागे परवडत असेल तर तेच, नाहीतर एक पायरी कडक, हा हिशेब सहसा चुकत नाही. मऊ रबर लवकर झिजते हे खरे आहे, म्हणूनच शर्यतीची जोडी वेगळी ठेवावी आणि सरावाचे महिने कडक रबरावर काढावेत.

नक्षी ठरवण्याआधी मार्गावरून पायी उतरून यावे. ही पायपीट कंटाळवाणी वाटते, पण टायरची खरी निवड इथेच होते. प्रत्येक टप्प्यावर मूठभर माती उचलून दाबून पाहावी. आपल्याकडे शेतकरी पेरणीआधी वाफसा पाहतो, तीच परीक्षा: मुठीत गोळा होणारी आणि खाली टाकताच फुटणारी माती म्हणजे स्पर्धकाचे भाग्य, तिच्यावर कोणतीही बरी नक्षी धरते. गोळा न होता भुरभुरणारी माती कडक जमिनीवर पसरलेली असेल, म्हणजे सह्याद्रीतल्या उन्हाळी मुरमाड वाटेसारखी अवस्था असेल, तर दाट आणि ताठ बटणे हवीत. मुठीला चिकटून राहणारी, अर्धवट वाळलेली माती सर्वांत वाईट, कारण ती बटणांच्या मधल्या जागा लिंपून टाकते आणि दहा सेकंदांत नक्षीचा गुळगुळीत डोनट होतो. त्यामानाने पातळ चिखल बरा, तो वेगाने झटकला जातो.

कोरड्या आणि मिश्र मार्गांसाठी मॅक्सिस या टायर कंपनीच्या दोन नक्ष्यांची तुलना उद्बोधक आहे. मिनियन डीएचएफमध्ये मधली बटणे आणि कडेची बटणे यांच्यात मोकळी पट्टी आहे. सायकल पुरेशी कलंडवली की कडेची बटणे जमिनीत घुसतात, पण अर्धवट कलंडवणाऱ्याला त्या मोकळ्या पट्टीवर क्षणभर अधांतरी वाटते. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल स्पर्धक ग्रेग मिनार याच्या सहभागातून घडलेल्या असेगाईमध्ये ही जागा मधल्या बटणांनी भरलेली आहे, त्यामुळे तो थोडा जड चालतो, पण कोणत्याही कोनात सारखाच वागतो. नवख्या स्पर्धकाने पुढे असेगाईसारखा टायर लावावा असे मी सुचवेन. मागच्या चाकाचे मुख्य काम ब्रेक लागताना जमीन धरण्याचे असते, म्हणून तिथे आडव्या, रुंद कडांची बटणे असलेला मॅक्सिसच्याच डीएचआर टू यासारखा टायर योग्य ठरतो.

चिखलाचे टायर वेगळेच असतात: उंच, अणकुचीदार आणि विरळ बटणांचे, बहुधा थोडे अरुंद, म्हणजे वरचा लगदा कापून खालची घट्ट जमीन गाठता येते. 2011 मध्ये स्वित्झर्लंडच्या शाँपेरी येथील जागतिक अजिंक्यपद शर्यतीत इंग्लंडच्या डॅनी हार्टने धो धो पावसात 11 सेकंदांहून अधिक फरकाने विजय मिळवला. तशा मार्गावर अशा टायरला पर्याय नसतो. मात्र याच उंच बटणांना दगडावर टेकू मिळत नाही, ती वाकतात आणि सायकल पायाखालून सरकल्यासारखी वाटते. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमचा सुमारे 2.8 किलोमीटर लांबीचा आणि साडेपाचशे मीटर उताराचा मार्ग पाहिला की ही अडचण समजते: वरचा भाग उघड्या माळावरचा आणि दगडांचा, मध्ये झाडीतला चिखल, आणि शेवटी जोर लावून पार करायच्या मोठ्या उड्या. झाडीतल्या चिखलासाठी टायर निवडला तर दगडांवर आणि शेवटच्या सपाटीवर किंमत मोजावी लागते. अशा ठिकाणी चिखलाच्या टायरची बटणे टोकाकडून दोन-तीन मिलिमीटर छाटून घेणे हा जुना आणि उत्तम उपाय आहे. त्यासाठी धारदार साइड कटर आणि एक निवांत संध्याकाळ लागते.

रुंदीवर फार विचार करू नये. आतून 30 मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर 2.4 ते 2.5 इंच रुंदीचा टायर व्यवस्थित बसतो.

हवेच्या बाबतीत मात्र चिकाटी हवी. 70 ते 75 किलो वजनाच्या स्पर्धकाने डाउनहिल केसिंगच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे 23 आणि मागे 26 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) यापासून सुरुवात करावी आणि दर फेरीनंतर एकेका पीएसआयने बदल करावा. फेरी संपली की सायकल उलटी करून फडक्याने रिमची कड पुसावी आणि चाक सावकाश फिरवत बोट कडेवरून न्यावे. ताजा खळगा लागला, किंवा उतरताना मागून दोन-तीनदा ‘टण्’ असा आवाज आला असेल, तर मागे एक पीएसआय वाढवावा. टायर दगडावरून चेंडूसारखा उसळत असेल तर कमी करावा. हवा कमीच ठेवायची असेल आणि रिमचीही काळजी वाटत असेल, तर मागच्या चाकात फोमची पट्टी घालता येते. वजन पाव किलोच्या आसपास वाढते आणि टायर काढताना घाम निघतो, तरीही दगडाळ मार्गावर तो सौदा मला पटतो. मोजण्यासाठी नेहमी एकच डिजिटल गेज वापरावा, कारण पंपावरचा काटा आणि गेज यांचे क्वचितच जुळते. तापमान 10 अंशांनी बदलले तर हवेत सव्वा ते दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून पहाटेच्या गारठ्यात ठरवलेला आकडा दुपारच्या फेरीआधी पुन्हा मोजावा.

नवा टायर शर्यतीच्या सकाळी चढवू नये. आदल्या दिवशीच बसवून, सीलंट (बारीक छिद्रे बुजवणारे द्रव) घालून त्यावर दोन फेऱ्या माराव्यात, म्हणजे वरचा गुळगुळीत थर निघतो आणि कडेने हवा झिरपत असेल तर तेही कळते. आकाश भरून आलेले असेल तर चिखलाचे टायर दुसऱ्या चाकांच्या जोडीवर तयार ठेवावेत, त्या चाकांवर ब्रेकची डिस्कही बसवलेली असावी, आणि ठरलेली हवा रिमवरच्या चिकटपट्टीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावी.