ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला नवे टायर घेताय? आधी जुने मोजा

आपल्याकडे सवय अशी की खड्ड्यात एक टायर फाटला की तेवढाच बदलायचा, बाकीचे तीन "अजून चालतील की". साध्या गाडीला ते खपून जातं. पण इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल, म्हणजे मागे क्वाट्रो (ऑडी), एक्सड्राइव्ह (बीएमडब्ल्यू), फोरमॅटिक (मर्सिडीज) असं काही लिहिलं असेल तर टायरवाल्याला फोन लावायच्या आधी उरलेल्या टायरची नक्षी मोजा.

का ते बघा. समजा साइज २३५/६० आर १८ (रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १८ इंची), म्हणजे नव्या टायरची उंची साधारण ७३९ मिमी. नक्षी ४ मिमी झिजली की वर-खाली मिळून ८ गेले, राहिले ७३१. हे बुटकं झालेलं चाक दर किलोमीटरला चार-पाच फेरे जास्त मारतं, नाशिक ते मुंबई १६५ किमी धरा, साडेसातशेच्या वर फेरे जादा झाले. हा फरक पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये पडला की पुढे-मागे ताकद वाटणारा मधला क्लच, ट्रान्सफर केस तो सगळा रस्ता घासून आणि तापून सोसत राहतो, आणि त्याचं काम निघालं ना की चार टायरचं बिल किरकोळ वाटायला लागतं. म्हणून "दोनच टाका, दोन पुढच्या वर्षी" हा सल्ला या गाड्यांना लागू नाही, कोणीही दिला तरी.

मोजायला डेप्थ गेज (खाचेची खोली मोजायची छोटी पट्टी) लागतं, स्वस्तात मिळतं. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकाच्या आतल्या कडेला हात घाला आणि आत, मध्ये, बाहेर तीन ठिकाणी मोजा, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, गेलेलं असेल तर बाहेरून टायर मस्त दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो. नव्या आणि उरलेल्या टायरच्या नक्षीत किती फरक चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच कंपन्या २-३ मिमीच्या पुढे जाऊ देत नाहीत. त्याच्या आत असाल तर एकच घ्या, पण तोच ब्रँड, तेच मॉडेल, तीच साइज. नाहीतर सरळ चार.

साइज ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. काही गाड्यांना मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, तिथे दोन्ही साइज जशाच्या तशा ठेवायच्या, कारण उंची जुळवूनच त्या ठरवलेल्या असतात. साइजपुढचा आकडा वजनाचा, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००. त्यानंतरचं अक्षर वेगाचं, व्ही म्हणजे ताशी २४० किमी. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, मग २४० कशाला असं वाटेल, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं, आणि मे महिन्यात दुपारी भरल्या गाडीने काँक्रीटवर तासनतास १२० ने जायचं तर त्यात काटकसर नको. खालचं रेटिंग स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

टायरवर चांदणीची खूण असेल तर तो बीएमडब्ल्यूसाठी पास केलेला, एओ ऑडीसाठी, एमओ मर्सिडीजसाठी. मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी चालेल, पण चारही एकसारखे हवेत.

आता आपल्या भागाचं. इगतपुरी-कसाऱ्याचा पाऊस सगळ्यांना माहितीये, आणि रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून उभ्या खाचा खोल आणि मोठ्या असलेलाच टायर घ्या. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, पण ३ मिमी राहिली की मी त्या टायरवर जूनमध्ये घाट उतरणार नाही. बर्फाच्या डोंगराची खूण असलेले टायर आपल्याला नकोत, विंटर टायरचं मऊ रबर इथल्या उन्हात भराभर झिजतं. आणि खड्ड्यांनी वैतागला असाल तर बघा, कंपनी तुमच्या मॉडेलला १८ आणि १९ दोन्ही रिम देत असेल तर १८ वर या, २३५/५५ आर १९ आणि २३५/६० आर १८ यांच्या उंचीत जेमतेम २ मिमीचा फरक, पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच मिळते आणि रिम वाचते. चारही रिम बदलायच्या मात्र.

रनफ्लॅट आहेत का तेही बघा. हवा गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किमी जाता येतं, म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. राइड कडक लागते म्हणून साधे टाकलेत तर पंक्चर किट आणि पंप डिकीत हवाच, रात्री घाटात नुसतं उभं राहायची वेळ यायला नको.

दुकानात टायर चढवायच्या आधी प्रत्येकाच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती बनवल्याची तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. चारही जवळपासच्या तारखेचे मागा, जुना माल दाखवला तर परत पाठवा, यात लाजायचं काही नाही. मग बॅलन्सिंग, चारही चाकांचं अलाइनमेंट, नट टॉर्क रेंचने (मोजून ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), आणि हवा गार टायरमध्ये स्टिकरप्रमाणे भरून टायर प्रेशरचा सेन्सर रीसेट. पुढे ८-१० हजार किमीला चाकं पुढची मागे करत रहा, मागचे रुंद नसतील तर, म्हणजे चारही एकसाथ झिजतील.