जुनी मृत्यू नोंद शोधायची कुठे आणि नक्कल काढायची कशी

वारस नोंद, जमिनीचं वाटप, बँकेतली जुनी एफडी, जातीचा दाखला, कशाला ना कशाला आजोबा-पणजोबांचा मृत्यू दाखला लागतोच आणि मग घरात एकच चर्चा सुरू होते, कुठल्या साली गेले ते. साल लागणारच आहे, पण त्याच्या आधी विचारा की गेले कुठे. म्हणजे घरीच गेले, तालुक्याच्या दवाखान्यात गेले, पुण्याला ससूनमध्ये गेले की लेकीकडे मुंबईला असताना गेले. कारण नोंद होते ती मृत्यू जिथे झाला त्या हद्दीत, माणूस राहायला कुठे होता, रेशन कार्ड कुठलं होतं, अग्नी कुठे दिला याचा तिथे काही संबंध नाही. सातारा जिल्ह्यातला माणूस ससूनमध्ये गेला आणि मयत गावी आणलं तरी नोंद पुणे महापालिकेकडेच. गाडीत वाटेतच प्राण गेला असेल तर गाडी त्यानंतर पहिल्यांदा जिथे थांबली तिथे. कित्येक लोक गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत बसतात आणि नोंद पडलेली असते भलत्याच शहरात.

बायकांच्या बाबतीत तर हे खूप होतं, पूर्वी बाळंतपणाला माहेरी जायच्या आणि त्यातच काही बरंवाईट झालं तर नोंद माहेरच्या गावात, सासरी कितीही रजिस्टरं उलटा.

ठिकाण कळलं की ऑफिस आपोआप कळतं. खेड्यात ग्रामपंचायत, तिथे निबंधक म्हणजे ग्रामसेवक, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात. शहरात नगरपालिका नाहीतर महापालिका, आरोग्य विभागात जन्म-मृत्यू नोंदणीचा कक्ष असतो, मुंबईत त्या त्या वॉर्ड ऑफिसात. पुणे कॅम्प, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी असल्या भागातला मृत्यू असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं रजिस्टर वेगळं असतं, महापालिकेत "नोंद नाही" म्हणाले म्हणून घरी येऊ नका.

आता हद्दीची भानगड. गावं शहरात जातात, तालुके तुटतात, नवे जिल्हे होतात, आणि जुनी दप्तरं कधी मागोमाग जातात, कधी जात नाहीत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली, त्या गावांमधली त्याआधीची नोंद ही मुळात ग्रामपंचायतीची आहे, त्यामुळे मेन बिल्डिंगमध्ये नुसतं नाव सांगून चालत नाही, "हे तेव्हा अमुक ग्रामपंचायतीत होतं, त्यांची रजिस्टरं आता कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात आहेत" असं विचारावं लागतं. जिल्ह्यांचंही तसंच, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत. मृत्यूच्या वेळी ते गाव कुठल्या तालुक्यात आणि कुठल्या जिल्ह्यात होतं ते आधी एका कागदावर लिहून काढा, पुढे खूप उपयोग होतो.

सालाचं बघायचं तर एक तारीख डोक्यात ठेवा, १ एप्रिल १९७०. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात तेव्हापासून लागू झाला. त्याच्या नंतरचा मृत्यू असेल तर वर सांगितलेली ऑफिसं. त्याच्या आधीचा आणि खेड्यातला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गावची जन्म-मृत्यूची वही पोलीस पाटलाकडे असायची, तिला गाव नमुना नंबर १४ म्हणतात, विदर्भाकडे कोतवाल बुक म्हणतात, आणि या वह्या आज ग्रामपंचायतीत नसतात तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. म्हणून १९५० च्या आसपास गेलेल्या माणसासाठी ग्रामसेवकाशी भांडण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे ते दप्तर आलेलंच नाही बिचाऱ्याकडे. सत्तरच्या सुरुवातीचा मृत्यू असेल तर मात्र दोन्हीकडे विचारा.

कुणबी नोंदी शोधायच्या कामात २०२३ पासून याच नमुना १४ च्या वह्या मोठ्या प्रमाणावर उघडल्या, स्कॅन केल्या आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तालुका-गाववार पीडीएफ टाकल्यात. त्यामुळे तहसीलला जायच्या आधी घरी बसून आपल्या गावाची पीडीएफ बघा, तुम्हाला जातीच्या नोंदीशी काही देणंघेणं नसलं तरी. तिथे सगळी पानं नसतात, ज्यात कुणबी नोंद सापडली तीच पानं असतात बहुतेक, पण कुठल्या कुठल्या वर्षाच्या वह्या तहसीलमध्ये शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो आणि तेवढ्यावरही अर्ज नेमका करता येतो.

आता साल कसं काढायचं, कारण घरातली माणसं "दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी" असंच सांगणार. शेतजमीन असेल तर सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे फेरफार. खातेदार गेला की वारसांची नावं लावायला फेरफार पडतो आणि त्यात सरळ लिहिलेलं असतं, "खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत झाले, त्यांना वारस मुलगा, मुलगी, पत्नी…". कधी नुसतं "सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत" असं असतं, तेही चालतं, शोध दोन-तीन वर्षांवर येतो. सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराचे नंबर गोलात असतात, त्यावरून मागे मागे जायचं. आपले अभिलेख पोर्टलवर बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, नसतील तर तलाठ्याकडे नाहीतर तहसीलला. फक्त लक्षात ठेवा, वारस नोंद कधीकधी मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनी लावलेली असते, फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे.

जमीन नसेल तर पेन्शनचे कागद, विम्याचा क्लेम, गिरणीतलं किंवा रेल्वेतलं सर्व्हिस बुक, ख्रिस्ती घर असेल तर चर्चचं दफन रजिस्टर, शहरात स्मशानभूमीची नोंदवही. आणि अस्थी नाशिकला नेल्या असतील तर तिथल्या उपाध्यायांची नामावळी, कुळ आणि गाव सांगितलं की वही काढतात, त्यात कोण कोणाच्या अस्थी घेऊन कधी आला ते सापडतं. हा सरकारी पुरावा नाही, साल गाठायला मात्र फार कामाचा.

रेकॉर्ड रूममधली वही हातात आली की पहिला धक्का बसतो तो आडनावाचा, कारण आडनाव बऱ्याचदा नसतंच. "गणू बिन रामा", "गणू वलद रामा" म्हणजे रामाचा मुलगा गणू, "सखू कोम गणू" म्हणजे गणूची बायको सखू. घरात आपण ज्यांना गणपतराव म्हणतो ते वहीत गणू, गणपा, गणपती काहीही असू शकतात, आणि लहान मूल असेल तर नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि मुलगा किंवा मुलगी. मृत्यूचं कारण म्हणून ताप, पटकी, देवी, प्लेग असले शब्द दिसतात. म्हणून अर्जात वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, अंदाजे वय, जात, वाडी हे सगळं द्या, शोधणारा क्लार्क त्याच्यावरच जुळवतो. जुन्या वह्या मोडीत असतात, मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तेव्हाचं महसुली साल, त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतं, म्हणजे १३५० फसली म्हणजे १९४० च्या आसपास. शक असेल तर ७८ मिळवा. मोडी वाचता येत नसेल तर स्वतः अंदाजे वाचू नका, नक्कल घ्या आणि मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, कुठे जोडायचं असेल तर आधी त्या ऑफिसला विचारा की कोणाचं लिप्यंतर चालतं, सगळ्यांचं मान्य करत नाहीत.

अर्ज साध्या कागदावर चालतो, काही ठिकाणी छापील फॉर्म आणि कोर्ट फी स्टॅम्प मागतात. भाषा अशी ठेवा:

"विषय: मृत्यू नोंदीचा शोध घेऊन नक्कल मिळणेबाबत. माझे आजोबा (पूर्ण नाव, वडिलांचे नाव), अंदाजे वय ६५, मौजे अमुक, ता. अमुक येथे राहत्या घरी अंदाजे १९७४ ते १९७६ या काळात मयत झाले आहेत. तरी १९७४ ते १९७७ या वर्षांच्या मृत्यू रजिस्टरचा शोध घेऊन नोंदीची नक्कल द्यावी, नोंद न आढळल्यास तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र द्यावे."

यात १९७७ मुद्दाम घातलंय. रजिस्टर कॅलेंडर वर्षाचं असतं आणि नोंद ज्या दिवशी केली त्या दिवसाखाली पडते, डिसेंबरअखेर गेलेल्या माणसाची नोंद जानेवारीत केली असेल तर ती पुढच्या वर्षाच्या रजिस्टरात. शोधाची फी वर्षागणिक असते म्हणून उगाच तीस वर्षांचं मागू नका, पैसे किरकोळच असतात पण तीस वर्षं बघून शोधायला कोण बसणार, "सापडत नाही" हेच उत्तर येईल. अर्जाला तुमचं आधार, नात्याचा काही पुरावा आणि तो फेरफार जोडा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही शोध मागू शकतो, तरी काउंटरवर नातं विचारतातच, वाद घालण्यापेक्षा कागद जोडलेला बरा. आणि दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, तोंडी चौकशीला सरकारी ऑफिसात काही किंमत नाही.

अलीकडचा मृत्यू असेल तर एवढं काहीच करावं लागत नाही, सीआरएस म्हणजे केंद्र सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या पोर्टलवर नोंद असते, क्यूआर कोड असलेला दाखला मिळतो, ग्रामपंचायतीचा दाखला राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवरूनही मागता येतो. रजिस्टरात हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदी ऑनलाइन दिसल्या नाहीत म्हणजे नोंद नाही असं समजू नका, पोर्टलवर नाव टाकून "नो रेकॉर्ड" आलं की लोक हात टेकतात, ते चूक आहे.

क्लार्क म्हणाला जुनं रजिस्टर नाही, वाळवी लागली, नष्ट केलं, तर शांतपणे म्हणा की तेच लिहून द्या. १९६९ च्या कायद्याखालची रजिस्टरं कायम जपून ठेवायची असतात, मुदत संपली म्हणून नष्ट करायची नसतात, हे त्यालाही माहीत असतं, आणि लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा दुसऱ्या कपाटातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर, सोडून बघितला जातो. तरीही हलत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाका, दाखला मागू नका त्यात, रजिस्टरची पाहणी मागा, अमुक साल ते अमुक साल. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाहणीला जाताना घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर न्या, वहीतली शेजारपाजारची नावं बघून त्यांना पटकन लागतं की हे आपल्याच वाडीचं पान आहे.

खरंच नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, नमुना १०. त्याच्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. एक वर्षाच्या वरची उशिराची नोंद कलम १३(३) खाली होते, आधी त्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली आणि आता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. बोगस दाखल्यांच्या प्रकरणांनंतर २०२५ पासून महाराष्ट्रात ही तपासणी चांगलीच कडक झालीये, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होईल असं कोणी एजंट सांगत असेल तर लांब राहा. फेरफार, दवाखान्याचा कागद, स्मशानाची पावती, जे असेल ते सगळं लावा.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मृत्यूची तारीख, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख. मूळ रजिस्टरात बरोबर आणि दाखल्यावर चूक असेल तर ती टायपिंगची, लगेच बदलून मागा. रजिस्टरातच चूक असेल तर कलम १५ खाली दुरुस्तीचा वेगळा अर्ज, पुरावे लागतात. मृत्यूचं कारण दाखल्यावर नसतं, ते द्यायचंच नाही असं कायद्यात आहे, विम्यासाठी कारण हवं असेल तर दवाखान्याकडे किंवा उपचार केलेल्या डॉक्टरकडे जायचं. आणि प्रती जरा जास्तच घ्या, तलाठी, बँक, विमा सगळे एकेक ठेवून घेतात.