गपचूप कट होणारे पैसे बंद कसे करायचे आणि त्याच पैशाची आरडी कशी लावायची

आमच्या आण्णांनी एप्रिलच्या सुरवातीला वकिलाला सातबारा पाठवायला एक स्कॅनर ॲप घेतलं, एक रुपयात तीन दिवस ट्रायल असं लिहिलेलं, एक रुपयाला काय विचार करायचा म्हणून पिन टाकला, काम झालं आणि ॲप डिलीट करून मोकळे. जुलैच्या शेवटी पासबुक भरून आणलं तर दर महिन्याला 299, असं चार वेळा. 1196 रुपये गेले आणि ॲप तर फोनमध्येच नाही. बँकेनंच खाल्ले म्हणून आण्णा तिथं भांडायला निघालेले. परवानगी तुम्हीच दिलीय म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद.

असे एक आण्णा प्रत्येक घरात असतात, म्हणून हे लिहितोय.

पहिलं डोक्यात घ्या, ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. यूपीआय ऑटोपे 2020 च्या जुलैपासून आहे, त्यात सुरवातीला एकदा पिन टाकला की पुढं 15 हजारापर्यंतचा हप्ता परत न विचारता जातो. त्यालाच मँडेट म्हणतात. पैसे कापायच्या 24 तास आधी कळवायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम हाय, आणि मेसेज येतो पण, आण्णांना पण आलेला, फक्त लोन घ्या, रमी खेळा, प्लॉट घ्या असल्या ढिगाऱ्यात तो कुणाला दिसणार. मेसेजच्या सर्चमध्ये इंग्रजीत मँडेट आणि ऑटोपे टाकून बघा, काय काय निघतंय ते.

आता बंद कसं करायचं. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअर उघडून वर आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, मग सबस्क्रिप्शन्स, तिथं चालू असलेली सगळी दिसतात, नको ते कॅन्सल. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर दाबायचं, आत सबस्क्रिप्शन्स आहे. पैसे भरलेली मुदत संपेपर्यंत ते साधारण चालूच राहतंय, त्यामुळं शेवटच्या तारखेची वाट बघत बसू नका, आजच करा.

पण आण्णांचं तिथं नव्हतंच, कारण त्यांनी प्ले स्टोअरमधून नाही तर ॲपच्या आतच यूपीआयनं भरलेले. अशा वेळी जीपे, फोनपे जे वापरता त्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ऑटोपे शोधा, चालू मँडेटवर दाबा, कॅन्सल किंवा रिव्होक करा, पिन मागितला तर टाका आणि बंद झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर सगळी उघडून बघा, एकात नाही दिसलं म्हणजे नाहीच असं धरू नका. कार्डावरनं लावलेलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बघायचं.

आणि एक, जोशात येऊन सगळंच उडवू नका. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, गाडीचा ईएमआय पण असल्याच यादीत असतात. आमच्या शेजारच्या पोरानं साफसफाई करताना गाडीचाच हप्ता बंद केला, मग दंड भरत बसला.

कॅन्सलचं बटण मुद्दाम लपवून ठेवणं हे खरं तर चालत नाही, केंद्र सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये असल्या 13 फसव्या प्रकारांवर नियम काढलेत, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा पण आहे. कंपनी दाद देत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करायची. परवानगीच दिली नव्हती आणि पैसे गेले असतील तर मात्र ती सायबर फसवणूक, लगेच 1930 आणि बँक.

स्कॅन करायला पैसे द्यायची गरजच नव्हती ही वेगळीच गंमत. गुगल ड्राइव्हमध्ये प्लसच्या चिन्हावर दाबून स्कॅन केलं की फुकटात पीडीएफ होतंय, आयफोनच्या नोट्समध्ये पण सोय आहे. आणि डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमी वेबसाइटवर 15 रुपयांत मिळतो, कागदाचा फोटो काढत बसायला नको.

आता वाचलेल्या पैशाचं बघू, कारण नुसतं सोडलं तर ते पैसे मिसळीत जातात, हा स्वतःचा अनुभव. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या दुकानात पिग्मीवाले काका रोज संध्याकाळी येतात, पिग्मी म्हणजे रोज थोडे थोडे पैसे दारात येऊन गोळा करणारी बचत. पिग्मी मूळची उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं 1928 साली काढली, दिवसाला दोन आण्यांपासून. त्या ॲपनं आण्णांच्या बाबतीत तेच केलं, थोडं थोडं, न विसरता, फक्त पिग्मीचे पैसे परत येतात. म्हणजे ऑटोपेची ही खोड आपल्याच कामाला लावायची. बँकेच्या ॲपमध्ये आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायचं ठेव खातं, उघडा आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, महिनाअखेरीला कुणाकडंच काय शिल्लक राहत नाही.

पोस्टाची आरडी पण चांगली, महिना 100 पासून, पाच वर्षांची. ऑक्टोबर 2023 पासून दर 6.7 टक्के झालाय, सरकार तो तिमाहीला ठरवतं पण उघडताना जो असेल तोच आपल्याला शेवटपर्यंत. त्या दरानं महिना 1000 टाकले तर 60 हजार भरून 71 हजार 366 च्या आसपास येतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, चार हप्त्यांच्या वर चुकले तर खातं बंद पडतं. तीन वर्षांच्या आधी मोडता येत नाही, त्यानंतर मुदतीआधी मोडली तर व्याज साध्या सेव्हिंगचं, पण 12 हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं.

आपल्याकडं गल्लीला एक पतसंस्था आहे, म्हणून एवढं ध्यानात ठेवा. सहकारी असो की सरकारी, बँकेत माणशी व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. मी पिग्मी पतसंस्थेत ठेवतो, पण दर सहा महिन्यांनी काढून बँकेत टाकतो, काका जरा नाराज होतात, इलाज नाही.

आण्णांना पोस्टात घेऊन गेलो, तर तिथं बसून त्यांचा हट्ट, त्या ॲपनं जेवढे नेले तेवढीच आरडी, बरोबर 299 ची. रक्कम दहाच्या पटीतच चालते म्हणून 300 ची करावी लागली.