बर्बन घ्यायची तर आधी लेबल वाचा

पहिले एक क्लिअर करतो, बर्बन म्हणजे मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, बोरबन बिस्किटाचा याच्याशी काही संबंध नाही, दरवेळी कोणीतरी तो जोक मारतंच. आणि दुसरं म्हणजे बाटली उचलल्या उचलल्या "किती वर्षं जुनी?" हे विचारायची आपली सवय स्कॉचची आहे, ती इथे बाजूला ठेवा.

कारण बर्बन मुरते ती कोऱ्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपात. पिंप नवं, वर केंटकीचा (बहुतेक बर्बन बनते ते अमेरिकेतलं राज्य) उन्हाळा कडक, त्यामुळे लाकडाचा रंग आणि व्हॅनिला-कॅरॅमलचा वास फटाफट उतरतो, म्हणून सहा-आठ वर्षांची बर्बन चांगली तयार असते आणि फार जुनी कधीकधी नुसती लाकूड चावल्यासारखी लागते. तो रंग सगळा पिंपाचाच, वरून कलर किंवा फ्लेवर घालायला कायद्याने बंदी आहे, स्कॉचमध्ये कॅरॅमल कलर चालतो, इथे नाही.

बाकी नियम थोडक्यात. अमेरिकेतच बनलेली हवी (केंटकीतच पाहिजे असं नाही, हा गैरसमज खूप जणांचा), धान्यात किमान 51 टक्के मका, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल नको आणि बाटलीत किमान 40. लेबलवर प्रूफ लिहिलेलं असेल तर त्याचं निम्मं करा की टक्के मिळतात, म्हणजे वाइल्ड टर्की 101 ही बर्बन साडेपन्नास टक्के, जरा जपून.

आता लेबलवरचे शब्द. 'स्ट्रेट' म्हणजे किमान 2 वर्षं मुरलेली, आणि 4 वर्षांच्या आतली असेल तर वय छापावंच लागतं. 'बॉटल्ड इन बॉण्ड' दिसलं तर मी ती बाटली डोळे झाकून विकत घेतो. 1897 चा कायदा आहे, त्या काळी व्हिस्कीत काय वाट्टेल ते मिसळून विकायचे म्हणून सरकारने आणला. एकाच डिस्टिलरीची, एकाच सीझनची, किमान 4 वर्षं सरकारी देखरेखीतल्या गोदामात ठेवलेली आणि अल्कोहोल बरोब्बर 50 टक्के. 'स्मॉल बॅच'ला मात्र कायद्यात व्याख्याच नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

राय व्हिस्कीत मक्याच्या जागी किमान 51 टक्के राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे), त्यामुळे मिरीसारखी झणझणीत. आणि जॅक डॅनियल्स? बर्बनचे बहुतेक सगळे नियम पाळते, पण पिंपात भरण्याआधी शुगर मेपल झाडाच्या कोळशातून गाळतात आणि टेनेसी (तेही अमेरिकेतलं राज्य) व्हिस्की म्हणूनच विकतात, त्यावरून भांडत बसू नका. कंपनी काढणाऱ्या जॅक डॅनियलला हे काम शिकवणारा निअरेस्ट ग्रीन हा गुलामगिरीत असलेला माणूस होता, कितीतरी वर्षं त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

सुरुवात करायची तर एक महागडी घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या, किंवा मित्राबरोबर वाटून घ्या. एक जिम बीम, ज्यात मक्याबरोबर राय असते, आणि एक मेकर्स मार्क, ज्यात रायऐवजी गहू. दोन ग्लासात वीस-वीस एमएल शेजारी शेजारी ओता. नाक थेट ग्लासात खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या नाहीतर नुसता अल्कोहोल चढेल. पहिला घोट छोटा, तो फक्त जिभेला सवय व्हायला, चव दुसऱ्या घोटाला कळते. मग चमचाभर पाणी टाकून परत बघा. गव्हाची मऊ लागेल, रायची शेवटी थोडी चावेल. मसाला शेंगदाणे तेवढे नंतर, तिखटाने जीभ बधिर झाली की फरक काय कळणार.

कोक घालायचा तर बिनधास्त घाला पण महागाची नको. त्यापेक्षा ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करा. एक चमचा साखर, बिटर्सचे (मसाले-मुळ्यांचा कडवट अर्क) दोन-तीन थेंब, किंचित पाणी, साखर विरघळली की 60 एमएल बर्बन, मोठा बर्फ, आणि संत्र्याची साल वर पिळून आत टाका. साल फक्त, रस नाही!

आणि एक गंमत, पिंप दरवेळी कोरं लागतं म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात, काही आपल्या गोव्यातही येतात, पॉल जॉनची ब्रिलियन्स ही व्हिस्की त्यातच मुरते. ती घरात असेल तर तिसरा ग्लास तिचा लावा, व्हॅनिलाचा वास ओळखीचा येतो का बघा.