लेव्हल देखणी, पण काटा दिसेना? जॉमेट्री डॅशमध्ये सजावट करताना या चुका टाळा

जॉमेट्री डॅश म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर स्क्रीन दाबून काटे चुकवायचा गेम. त्यातल्या एडिटरमध्ये खेळाडू स्वतःच्या लेव्हल बनवतात आणि सजवतात. आता आधी रोग ओळखा. तुमची लेव्हल कधीच न पाहिलेल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या आणि गप्प बसा. मेल्यावर तो "च्यायला, उशीर झाला" म्हणाला तर गेमप्ले ठीक आहे. "आरं, मेलो कशानं?" म्हणाला तर गडबड सजावटीत आहे. स्वतः खेळून हे कळत नाही. अपलोड करण्याआधी लेव्हल व्हेरिफाय करावी लागते, म्हणजे ती स्वतःच पूर्ण करावी लागते. तोवर काटे कुठे आहेत हे तुम्हाला इतकं पाठ झालेलं असतं की स्क्रीनकडे नीट बघावंही लागत नाही.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे कासचं पठार. साताऱ्यातल्या पोरानं एडिटर उघडला की कास करायचं मनात येणारच, आणि करावंही. पण रंग बघा: कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा जांभळट निळा. खेळात हे तिन्ही रंग आधीच कामाला जुंपलेले आहेत. पिवळ्या ऑर्बवर (हवेत असताना दाबायचं गोल कडं) नेहमीची उडी, गुलाबीवर छोटी, निळ्यावर गुरुत्वाकर्षणच उलटं. मुरलेला खेळाडू विचार करत बसत नाही. रंग दिसला की त्याचं बोट पडतं. पिवळ्या ऑर्बभोवती कवला पेरलात तर त्याला फुलं ऑर्ब वाटतात, नाहीतर ऑर्ब फूल वाटतो. दोन्हीकडून मरण.

फुलं काढायची गरज नाही. ती मागच्या लेयरवर ढकला, रंगाचा भडकपणा उतरवा आणि त्यांच्यावर पांढुरक्या धुक्याचा पातळ थर टाका. कासला पावसाळ्यात धुकं असतंच, त्यामुळे ते उपरंही वाटत नाही. ऑर्ब, काटे आणि पाय ठेवायचे ब्लॉक मात्र धुक्याच्या अलीकडे, त्यांच्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवून. भडक फुलांचा ताटवा हवाच असेल, तर जिथे काही दाबायचं नाही अशा जागी खुशाल उधळा.

जमलं की नाही हे तपासायला स्क्रीनशॉट घ्या आणि फोनच्याच फोटो एडिटरमध्ये त्याचा रंग शून्यावर आणा. करड्या चित्रातही काटा चटकन दिसला पाहिजे. दिसत नसेल तर फरक फक्त रंगाचा आहे, उजेड-अंधाराचा नाही. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांना तर तो काटा मूळ चित्रातही दिसेलच असं नाही.

दुसरी चूक पल्स ट्रिगरची, म्हणजे ठरल्या क्षणी वस्तूंचा रंग लखलखवणाऱ्या एडिटरमधल्या सोयीची. ठेका पडला की अख्खी स्क्रीन पांढरी करायची हौस असते. पण उडीही त्याच ठेक्यावर असते! म्हणजे बघायची नेमकी वेळ आणि डोळे दिपायची वेळ एकच. पल्स फक्त बॅकग्राउंडच्या ग्रुपला लावा, तोही मंद. सततच्या लखलखाटानं काहींना फीट येऊ शकते, म्हणून तो टाळलेलाच बरा.

पुढून सरकणारी झाडं, वेली, कमानी आयकॉनला (खेळाडू चालवतो त्या आकृतीला) झाकत असतील तर सरळ काढा. यात तडजोड नाही.

हिटबॉक्सचं, म्हणजे ज्या भागाला लागलं की परिणाम होतो त्या भागाचं, जरा नाजूक आहे. काट्याचा मारणारा भाग चित्रापेक्षा बराच लहान असतो. त्याला दगड, गवत, ग्लो चिकटवत गेलात की खेळाडू नको तितक्या लांबून उडी मारतो आणि पुढच्या काट्यावर पडतो. मी स्वतः एकच नियम पाळतो: जे मारतं त्याला ठळक कडा, शोभेच्या वस्तूला कडा नाही. डिसेंबर २०२३ च्या २.२ अपडेटपासून प्रॅक्टिस मोडमध्ये हिटबॉक्स दाखवता येतात. ते चालू करा आणि सजावटीशी ताडून बघा.

शेवटचं लो डिटेल मोडबद्दल. पीसीवर बनवलेली लेव्हल स्वस्तातल्या फोनवर अडखळते, म्हणून जास्तीच्या सजावटीला हाय डिटेलची खूण करायची, की हा मोड चालू केल्यावर ती गायब होते. इथे घाईत सगळंच सिलेक्ट करून खूण केली जाते आणि काट्याची कडा, ब्लॉकचा काठ, उडीचा बाणही सजावटीबरोबर उडून जातात. मोड चालू करून एकदा पूर्ण लेव्हल खेळा. जे गेल्यावर अडखळलात, तेवढ्याची खूण काढा.